गच्ची नसलेलं स्टेशन

जळगावात हौशी रेडिओवाल्यांचे दोन वर्ग आहेत. एक गच्ची असणाऱ्यांचा आणि दुसरा माझा एकट्याचा. हे मी रागाने लिहितोय, ते वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदारपणा शिकवायला येणार नाही.

हौशी रेडिओ म्हणजे काय ते मला दर वेळी सांगावं लागतं. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन मिळवायचं, मग अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं एक कॉलसाईन हातात पडतं. हवेवर तेच तुमचं नाव. ते घेऊन जगातल्या कुठल्याही तशाच वेड्या माणसाशी बोलायची मुभा असते. फक्त धंदा करायचा नाही आणि कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. मी ही परीक्षा चाळिशी ओलांडल्यावर दिली. माझं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. अमळनेरला कापसाचे काटे, सावद्याला केळीचे, बोदवडला धान्याचे. अभ्यास सगळा एसटीत झाला, खिडकीशी बसून, शेजारच्याच्या पिशवीतल्या मेथीचा वास घेत. पास झालो तेव्हा बायकोने लायसनला काच लावून आणली आणि समोरच्या भिंतीवर टांगली. येणाराजाणारा विचारायचा, गॅस एजन्सी मिळाली का म्हणून.

कॉलसाईन मिळालं, पण अँटेना लावायची कुठे? आम्ही तळमजल्यावर, दोन खोल्यांत, भाड्याने. घरमालक वर राहतो आणि गच्चीच्या जिन्याला त्याचं कुलूप असतं. त्याला विचारलं, एक काठी उभी करू का. तो म्हणाला, "तार लावशात त वीज पडी."

मी म्हटलं, "तुमच्या डिशवर नाही पडत, ती माझ्या काठीवर बरी पडेल?"

"डिश मन्ही शे," तो म्हणाला.

या उत्तराचा मला मोठा राग आला नाही, कारण डिश त्याचीच होती, त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्याआधीच्या घरमालकांनी तेवढाही खरेपणा दाखवला नव्हता. एका ठिकाणी तर गोष्ट गच्चीपर्यंत गेलीच नाही. आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणाले. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढे कितीतरी दिवस दारावर होती. मी त्या रस्त्याने मुद्दाम सायकल काढायचो.

शेवटी मी हॉटस्पॉट घेतला. साबणाच्या वडीएवढं काळं खोकं, वर बोटाएवढी अँटेना. ते मोबाईलच्या इंटरनेटला जोडायचं आणि पॉवर बँकेवर चालवायचं. हातातला वॉकीटॉकीसारखा सेट त्या खोक्याशी रेडिओने बोलतो, खोकं तो आवाज इंटरनेटवर चढवतं आणि पलीकडे कुठेतरी तो पुन्हा रेडिओतून बाहेर येतो. ना काठी, ना गच्ची, ना घरमालक. ते मी कामाच्या बॅगेत, पाना-पेचकसाच्या शेजारी ठेवायला लागलो. धुळ्याच्या बसस्टँडवर चहा घेताना मी एकदा जपानमधल्या माणसाशी बोललो. त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीतून केळी कळली, खानदेश कळला नाही. पण त्याने माझं कॉलसाईन नीट, एकेक अक्षर सुटं करून, परत म्हणून दाखवलं. परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. चहावाला सुटे पैसे धरून हाका मारत होता, तरी मला ऐकू येईना.

आता जळगावच्या हजेरीबद्दल सांगतो, कारण सगळं भांडण तिथलंच आहे.

गावाबाहेरच्या टेकडीवर रेडिओवाल्यांचा एक रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे खालचा आवाज उचलून लांबवर फेकणारं यंत्र. त्यावर रोज सकाळी हजेरी होते. ती घेतात आबा. आबा म्हणजे इथले सगळ्यांत जुने रेडिओवाले, केळीच्या व्यापारातून मोकळे झालेले, स्वतःची तीन मजली इमारत आणि तिच्यावर लांबून दिसणारा अँटेनाचा मनोरा. ते एकेक कॉलसाईन पुकारतात, ज्याचं पुकारलं त्याने नमस्कार करून हवापाणी सांगायचं, आणि आबा त्याला रिपोर्ट देतात, म्हणजे आवाज किती स्वच्छ येतोय त्याचे गुण. बस. एवढ्यासाठी माणसं तोंडात ब्रश घेऊन सेटपाशी उभी राहतात. हा रिपीटर कुणीतरी कधीतरी एका प्रात्यक्षिकासाठी इंटरनेटला जोडला होता आणि ती जोडणी काढायची राहून गेली होती. त्यामुळे माझ्या खोक्यातला आवाजही टेकडीवरून जळगावभर ऐकू जायचा.

पहिल्या दिवशी मी दाढी करून बसलो. हजेरी संपत आली तेव्हा बटण दाबून माझं कॉलसाईन दिलं. मग आबा म्हणाले, "तुम्ही वायरवरून येताय ना? मग तुम्हाला काय रिपोर्ट द्यायचा? तो तुमच्या मोबाईल कंपनीला द्यावा लागेल."

यावर कुणीतरी हसलं. रेडिओवर बटण दाबल्याशिवाय हसू ऐकू जात नाही. म्हणजे त्या गृहस्थाने सेट उचलला, बटण दाबलं आणि मग हसला.

त्या दिवसापासून आबा हजेरीच्या शेवटी म्हणायला लागले, "आणि वायरवरचे कुणी असतील तर त्यांनी ऐकत राहावं." माझं कॉलसाईन त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी मात्र रोज देत राहिलो. मला काय हवं होतं ते सरळ सांगतो: हजेरीत इतरांसारखं माझंही कॉलसाईन पुकारलं जावं. मला आबांची दोस्ती नको होती, त्यांच्या गच्चीवरचा चहा नको होता. सरकारने मला दिलेलं नाव माझ्या गावातल्या माणसांनी एकदा मोठ्याने घ्यावं, एवढंच.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलोसुद्धा. त्यांच्या दुकानाचा जुना काटा दुरुस्तीला माझ्याकडेच यायचा, त्यामुळे ते मला ओळखत होते. ते मला काटेवाले म्हणतात. गच्चीवर आणखी चारपाच जण बसले होते. मी म्हटलं, "आबा, मीही तुमच्यासारखी परीक्षा देऊन आलोय. मला हजेरीत घ्या."

"काटेवाले, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "रेडिओ म्हणजे हवा. तुमचं सगळं तारेतून जातं."

"माझ्या सेटपासून खोक्यापर्यंत हवेतूनच जातं की."

"किती? हातभर?" त्यांनी हात पुढे करून दाखवला, आणि गच्ची हसली. "आम्हाला आभाळ लागतं हो."

मग त्यांनी मला तत्त्व समजावलं. बाकीचे माना डोलवत होते. तत्त्व असं की सोय झाली की साधना संपते. आज खोकं आलं, उद्या कुणीही उठून बोलेल. 'कुणीही' म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं. मी जिना उतरलो तेव्हा माझे कान तापले होते. घरी येऊन बायकोवर ओरडलो, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं.

पुढे आबांच्या घरात काय झालं मला माहीत नाही, पण त्यांनी इमारत विकली आणि धुळ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मनोरा उतरवून भंगारात गेला. मी त्या बाजूने गेलो तेव्हा गच्ची बोडकी दिसली. मला बरं वाटलं. का लपवू? हजेरी दुसरं कुणीतरी घ्यायला लागलं, पण तिच्यात दम राहिला नाही. कुणी कुणाच्या मध्येच बोले, कुणी येईच ना. माझं कॉलसाईन नव्या माणसानेही घेतलं नाही. आबांची पद्धत त्याने जशीच्या तशी उचलली होती.

आणि मग आबांचा फोन आला. "काटेवाले, धुळ्याकडे कधी येणं होतं?"

मी काय ते समजलो, फ्लॅटवाल्याला गच्ची नसते. बायकोही समजली. मी बॅग भरत होतो तेव्हा ती दारात उभी राहिली. "त्या माणूसनी एक डाव बी तुमनं नाव लिधं नही, आनि तुम्ही तेना घर जाई राह्यनात?"

मी म्हटलं, धुळ्याला काट्याचं काम आहे. काम होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या माणसाला मागताना पाहायचं होतं.

फ्लॅट सातव्या मजल्यावर होता आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आबांचे सगळे सेट एका कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवले होते. मुलगा आणि सून कामावर गेलेले. सोसायटीने अँटेनाला नाही म्हणून सांगितलं होतं. इमारतीची शोभा जाते, आणि गच्ची सगळ्यांची सामाईक. आबा हे सांगत होते आणि मी मान डोलवत होतो. मनात म्हटलं, आता कळलं?

मग ते म्हणाले, "ते तुमचं खोकं... मी एक मागवून ठेवलंय. तेवढं सुरू करून द्या."

त्यात कसलंही मोठं ज्ञान लागत नाही. घरातल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा, सेटमध्ये दोन आकडे जुळवायचे. मी पाणी प्यायलो, चहा प्यायलो, जितका वेळ लावता येईल तितका लावला, आणि सुरू करून दिलं. आबांनी सेट तोंडाशी धरला, स्वतःचं कॉलसाईन दिलं. जळगावचा एक आवाज आला, "आबा? आबा, तुम्ही?" आबा भिंतीकडे वळून बोलत राहिले आणि डोळे पुसत राहिले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

निघताना ते दारापर्यंत आले. "काटेवाले, हे आपल्यातच राहू द्या. मी त्यांना सांगितलंय, मुलाच्या इमारतीवर अँटेना उभी केली म्हणून."

मी चपला घालता घालता थांबलो. "आणि माझं कॉलसाईन, आबा?"

"घेऊ की," ते म्हणाले. "त्यात काय मोठं."

परतीच्या एसटीत मला झोप लागली नाही. म्हाताऱ्याने शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी धुळ्याहून हजेरी घेतली. जळगावात जणू लग्नघर होतं. एकेक जण सांगत होता, आबा, काय खणखणीत येताय, आबा, इथे बसल्यासारखे येताय. एकाने विचारलं, अँटेना कुठली लावली? आबांनी नाव सांगितलं, काठीची उंची सांगितली, ती बसवायला आलेल्या गवंड्याची तक्रारसुद्धा सांगितली. मी पलंगावर बसून हे ऐकत होतो. ज्या गवंड्याचा जन्मच झाला नव्हता त्याने म्हणे सिमेंट कमी वापरलं होतं. कॉलसाईनं एकामागून एक गेली. माझं आलं नाही. शेवटी आबा म्हणाले, "आणि वायरवरचे कुणी असतील तर त्यांनी ऐकत राहावं."

वायरवर बसून म्हणाले.

बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली, तिसऱ्या दिवसाची पाहिली. इंटरनेटवरून येणारा आवाज जरा उशिरा पोचतो, आणि जरा पिंपात बोलल्यासारखा येतो. आबांचंही तसंच व्हायला लागलं. ते एकाला रिपोर्ट देत असायचे तोवर दुसरा बोलून मोकळा. एकदा कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमचा आवाज थोडा उशिरा येतोय."

"धुळं लांब आहे ना," आबा म्हणाले.

"हो, हो. अंतर आहे," तो म्हणाला. आणखी दोघांनी दुजोरा दिला.

मी कपाळावर हात मारला. रेडिओची लाट धुळ्याहून निघाली म्हणून पोचायला वेळ लागत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती पृथ्वीला वळसा घालून येते. हे आमच्या परीक्षेच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे. एवढे पास झालेले, जुने, मुरलेले लोक, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये? मला त्यांच्या बावळटपणाची मजा वाटायला लागली. रोज सकाळी मी चहा घेऊन बसायचो आणि आबा त्यांना कसे फसवतात ते ऐकायचो. मी एका वाक्यात सगळं उघडं करू शकलो असतो. केलं नाही, कारण गुपित सांभाळलं तर आबा कधीतरी माझं कॉलसाईन घेतील अशी मला आशा होती.

एकदा अमळनेरहून मी त्यांना फोन केला. म्हटलं, "आबा, तुम्ही घेऊ म्हणाला होता."

"मी घेईन हो," ते म्हणाले. "माझं काही नाही. पण बाकीच्यांना बरं वाटणार नाही. सगळ्यांना धरून चालावं लागतं."

"त्या सगळ्यांत मी येतो का?"

त्यांना मागून कुणीतरी हाक मारली, असं ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

यानंतर मी गप्प बसलो. कॉलसाईनही द्यायचं सोडलं, नुसतं ऐकायचो. बायको म्हणाली, "कसाले आयकतस? बंद करा ना ते." तिचं बरोबर होतं. पण ज्या घरात आपल्याला घेत नाहीत त्याच्या खिडकीपाशी उभं राहायची सवय लागली की पाय निघत नाही. आणि मला आबा पकडले जाताना ऐकायचं होतं.

मग एका सकाळी, हजेरीच्या थोडं आधी, आबांचा फोन आला. आवाज घाईचा. मुलाने घरातलं वायफाय बदललं होतं आणि कामावर निघून गेला होता. "खोक्यावर लाल दिवा लागलाय, काटेवाले. काय दाबू?"

काय दाबायचं ते मी फोनवर सांगू शकलो असतो. चहा उतू जायच्या आत झालं असतं. मी म्हटलं, "आज माझं कॉलसाईन पहिलं घेणार का?"

मी त्यांचा श्वास ऐकत होतो.

"अडवून धरू नका हो," ते शेवटी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला असं करू नये."

"घेणार का, आबा?"

"ते तसं जमणार नाही," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. मग माझं खोकं चालू केलं, सेट घेतला आणि पलंगावर बसलो. वेळ झाली. एकाने बटण दाबून नमस्कार केला. दुसऱ्याने विचारलं, आबा आले का? एवढी माणसं आपापल्या घरात सेट धरून बसली होती आणि सगळ्या गावावर नुसती शांतता. मी तिच्यात माझं कॉलसाईन दिलं. मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. उत्तर नाही. पुन्हा दिलं.

एक ओळखीचा आवाज आला, गच्चीवर बसणाऱ्यांपैकीच एकाचा. "आबा येईपर्यंत फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवावी, ही विनंती."

स्वयंपाकघरातून बायको येऊन दारात उभी राहिली होती. तिने ऐकलं होतं. मला तिच्याकडे बघवलं नाही.

मी बटण दाबलं आणि जेवढ्या शांतपणे सांगता येईल तेवढ्या शांतपणे सांगितलं, "आबा आज यायचे नाहीत. त्यांचं खोकं बंद पडलंय."

बटण सोडून मी थांबलो. आता गोंधळ उडेल, आता एकजण तरी चमकून विचारेल, म्हणून सेट कानाशी धरून बसलो.

मग तोच आवाज आला. "ठीक आहे," तो म्हणाला. "हजेरी उद्या घेऊ." बाकीच्यांनी एकेक करून नमस्कार केला आणि सेट बंद केले. कसलं खोकं, असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.